तिच्या हातचा पेला

“दाजी, हळू. क्रीम फुटेल,” मेहुणा म्हणाला.

“मला शिकवू नकोस.”

पेंटरने काचेच्या भांड्यात लांब चमचा फिरवला. बर्फ, व्हिस्की, साखरेचा पाक, क्रीम, वर किसलेलं जायफळ. बायको हे कधी घुसळायची नाही. चमचा तळाला टेकवून नुसतं ढवळायची. तोही तसंच करत होता, पण हात थरथरला आणि चमचा काचेवर वाजला.

ती गेल्यापासून महिनाभर हे असंच चाललं होतं. सकाळी डोकं ठणकायचं. परवा एका दुकानाची पाटी रंगवताना रेघ वाकडी गेली. गिऱ्हाइकाने तरी पूर्ण पैसे दिले. बायको गेलेल्या माणसाला कोण काय बोलणार?

त्याने घोट घेतला आणि उरलेलं मोरीत ओतलं.

“ही व्हिस्की आहे की थिनर? घसा जाळते नुसती.”

“सीलबंद आणलीय, दाजी. मी तर नकोच म्हणत होतो. तू आणली नाहीस तर मी आणतो, असं म्हणालात तुम्ही.”

नऊ वर्षांपूर्वी पेंटरला ब्रश धरता येईनासा झाला होता. डॉक्टरांनी दारू सोडायला सांगितलं. बायकोने मात्र घरी येऊन सौदा केला. “बाहेर एक थेंब नाही. घरी रोज संध्याकाळी एकच पेला, माझ्या हातचा. एका पेल्यानं कुणी मरत नाही, डॉक्टरला काय कळतंय!”

तो पेला ती स्वतः बनवायची. बाटलीला त्याने हात लावायचा नाही. नऊ वर्षं त्याने शब्द पाळला. हातही खडकासारखा स्थिर झाला. “बायकोच्या एका पेल्यानं माझा हात ताळ्यावर आणला,” असं तो सगळ्यांना सांगायचा.

तिची शेवटची बाटली अजून फ्रिजच्या दारात होती. चार बोटं उरलेली. ती संपली की सगळं संपलं, म्हणून त्याने तिला हात लावला नव्हता.

“छाप तोच. मग चव वेगळी कशी?” त्याने विचारलं.

मेहुणा खिडकीबाहेर बघत राहिला. “सोडा ना हे आता. ताईच नाही, तर...”

“विषय बदलू नकोस.”

पेंटरने फ्रिज उघडला. मेहुणा ताडकन उठला.

“ती राहू द्या, दाजी. आठवण आहे तिची.”

“का रे? पितळ उघडं पडेल म्हणून?”

त्याने तिच्या बाटलीतली ओतली, पाक आणि क्रीम घातलं, ढवळलं. पहिल्याच घोटाला त्याचे डोळे भरले. तीच चव. गोड, मऊ, शेवटी घशाला जरासा चरका.

“ही खरी,” तो म्हणाला. “तू आणलीस ती नकली. तिनं तुला पोटच्या पोरासारखं वाढवलं. आणि तू तिच्याच घरात बनावट माल आणतोस?”

मेहुण्याचा चेहरा उतरला.

“तसंच समजा,” तो म्हणाला. “चोर म्हणा मला. पण यापुढे मी आणलेली पिऊ नका.”

“समजू कशाला? दाखवतोच तुला. जन्मभर स्पिरिटात हात घातलेत मी. खरी असेल ती पेटते.”

त्याने दोन्ही बाटल्यांतून एकेक चमचा भरला आणि गॅसवर गरम केला. मेहुण्याने त्याचं मनगट धरलं.

“दाजी, तिची शपथ आहे. नका करू.”

“तिचं नाव घेऊ नकोस!” पेंटरने हात झटकला.

आधी त्याने नव्या बाटलीच्या चमच्याला काडी लावली. निळी ज्योत उठली आणि शांतपणे जळत राहिली.

पेंटरने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने मान फिरवली.

पेंटरने दुसरी काडी ओढली आणि तिच्या चमच्यावर धरली. काही पेटलं नाही. त्याने ती आणखी खाली नेली. काडी चर्र करून विझली, आणि चमच्यातून वाफ वर आली. आल्याची, कोऱ्या चहाची.