नवं मॉडेल

पायवाटेवरच्या ताज्या लेंड्या पाहून चैती खो-खो हसली. "आबा, यंत्राची हरणं आता हागायलाही लागली! नवं मॉडेल आलंय वाटतं."

सरकारी जंगलात खरं चितळ वीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून तिचा आजा देवाजीही हसला. एकेकाळी लेंडी चुरडून वास घेतल्याशिवाय तो बंदुकीला हात लावत नसे. आज झाडीत चितळ दिसताच त्याने सरळ नेम धरला. चितळ पडलं.

चैतीने रीतीप्रमाणे टाळी वाजवली. टाळी ऐकली की यंत्र उठायचं आणि पुढच्या शिकाऱ्यासाठी पळायचं.

हे उठेना. तिने पुन्हा वाजवली.

"पोरी, टाळ्या नको वाजवूस," देवाजी म्हणाला.

मग मागे जाऊन त्याने ती लेंडी बोटांत चुरडली. तिला कोवळ्या गवताचा वास होता.