उदबत्तीचा धूर

"दोनदा ऑक्सिजन सेन्सर बदलला, मेस्त्री. तरी गाडी उभ्या जागी थरथरते," गिऱ्हाईक मला म्हणालं. बॉनेट उघडून उभ्या असलेल्या माझ्या लेकीकडे त्याचं लक्षच नव्हतं.

तिसरा सेन्सर मागवायला मी फोन लावला. तेवढ्यात तिनं गॅरेजातल्या गणपतीपुढची उदबत्ती उचलली.

"अगं, देवाची आहे ती!" मी ओरडलो.

ती चालू इंजिनाभोवती उदबत्ती सावकाश फिरवत राहिली. एका जुन्या रबरी पाइपाजवळ धूर झपकन आत ओढला गेला. तिथं तडा होता. बाहेरची हवा आत शिरत होती आणि हवा जास्त होतेय असं सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता.

पाइप बदलताच इंजिन शांत झालं.

"मानलं तुम्हाला, मेस्त्री!"

मी फोन खिशात टाकला. "मेस्त्री तिकडे उभी आहे. मी नुसता सेन्सर मागवत होतो."