चौथ्या प्रकरणातले जुने शिक्षक

दुपारच्या नमाजनंतर बंदेनवाज मौलानांनी लेकीला, तहसीनला, बैठकीत बोलावलं. तिच्या प्रबंधाची छपाईला जायची प्रत त्यांच्या मांडीवर होती. मुरुमच्या मशिदीत चाळीस वर्षं कुराणाचा अर्थ सांगणाऱ्या अब्बांनी नको म्हटलं, तर पुस्तक छापायचंच नाही, असं तिनं ठरवलं होतं. मौलाना नऊ दिवस वाचत होते आणि नऊ दिवस गप्प होते. 

आयत, म्हणजे कुराणातलं वचन, कधी उतरली, कुणासाठी, तेव्हाचा समाज कसा होता, हे आधी विचारायचं आणि मगच अर्थ लावायचा, हे ती विद्यापीठात शिकून आली होती. चौथ्या प्रकरणात तिनं कर्जाच्या कागदावरल्या साक्षीची आयत घेतली. दोन बायकांची साक्ष एका पुरुषाइतकी, कारण बायका विसरतात, असं ती लहानपणापासून अब्बांकडून ऐकत आलेली. तिनं लिहिलं, तेव्हा बायका व्यापारात फारशा नव्हत्या, म्हणून ते त्या काळच्या व्यवहारापुरतं. बायकांच्या अकलेचं ते माप नव्हे. बायका विसरतात म्हणणाऱ्या मौलानांचा चष्मा रोज तिची अम्मीच शोधून द्यायची, हे मात्र तिनं लिहिलं नव्हतं.

मौलानांनी एका ओळीवर बोट ठेवलं. 'एका जुन्या शिक्षकांचे हे मत टिकत नाही.'

"हे जुने शिक्षक म्हंजे मीच न्हवं?"

तहसीननं मान खाली घातली. "व्हय अब्बा. नाव घातलं असतं तर तुमची बेइज्जती झाली असती."

मौलाना दुखावले होते खरे, पण भलत्याच कारणानं. जुन्या किताबांत शागीर्द उस्तादाचं म्हणणं खोडतो ते त्याचं नाव-गाव लिहून, त्याला दुआ देऊन, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. आणि या पोरीनं अदब म्हणून बापालाच निनावी करून टाकलं होतं.

म्हणणं पटलं का, असं तिनं भीत भीत विचारलं.

"अर्धं पटलं. ऱ्हायलेल्या अर्ध्यावर मला तुझ्याशी भांडायचंय. पण किताबात माझं नावच न्हाय, तर भांडू कुठून?"

म्हणजे पुस्तक छापायचं होतं. तहसीनचे डोळे भरले. तिनं ती ओळ खोडली आणि वर लिहिलं: 'माझे वडील आणि उस्ताद, मुरुमचे मौलाना बंदेनवाज, अल्लाह त्यांना उदंड आयुष्य देवो, यांचे हे मत टिकत नाही.'

मौलानांनी ते दोनदा वाचलं.

"आता खाली अर्धं पान कोरं सोड," ते म्हणाले. "जवाब द्यायला मी हाय अजून."