फरूजाच्या नावाचा दवाखाना

बलाईद हात पुढे करून आला, तेव्हा वर्दियाने आपले हात शालीत घेतले.

"तूच ना वर्दिया? डोंगरात माझ्या बहिणीबरोबर, फरूजाबरोबर होतीस ती?" तो म्हणाला. "बरं झालं आलीस. आधी घरी चल. यम्माने सकाळपासून कुसकुस रांधायला घेतलंय. दोन घास खा."

"तुमचं घर बघितलंय मी," वर्दिया म्हणाली. "बाहेरून."

बलाईदचं हसू मावळलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. चौकात माणसं जमू लागली होती. नव्या दवाखान्याच्या भिंतीवर फरूजाच्या नावाची पाटी होती आणि तिच्यावर झेंड्याचं कापड टाकलेलं होतं. युद्ध संपून फ्रेंच देश सोडून गेले, त्याला पाच वर्षं झाली होती. आता कुठे गावाला फरूजा आठवली होती. बलाईद गावचा प्रमुख झाला तेव्हा.

"कार्यक्रम झाला की आपण दोघं बसून बोलू," तो हळूच म्हणाला.

"मी कार्यक्रमातच बोलणार."

"तिथे यम्मा असेल, वर्दिया. तिच्यासमोर नको. हात जोडतो तुला."

"आईच्या आड लपताय? लपा. तुम्हाला ते जमतंच."

डोक्यावरची टोपी सारखी करून तो पाहुण्यांकडे गेला.

वर्दिया आणि फरूजा युद्धात तीन वर्षं डोंगरात, फ्रेंचांशी लढणाऱ्यांच्या नर्स होत्या. दवाखाना म्हणजे एक गुहा. कात्री कॉफीच्या भांड्यात उकळायची, पट्ट्या संपल्या की स्वतःचे अंगरखे फाडायचे. भुलीचं औषध नसायचंच. फरूजा जखमी माणसाचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या शेळ्यांची, शेताची चौकशी करत राही आणि वर्दिया गोळी काढी.

युद्ध संपलं आणि पुरुषांच्या मिरवणुका निघाल्या. बायकांना सांगितलं, झालं तुमचं काम, आता घरी जा. वर्दियाला बघायला आलेल्या बाईने विचारलं, "इतक्या पुरुषांत झोपायचीस कुठे गं?" वर्दियाने कॉफीचं तबक तिच्या मांडीवर पालथं केलं. पुन्हा कुणी बघायला आलं नाही.

पण तो राग सगळ्या जगावरचा होता. या गावावरचा राग एकाच माणसासाठी राखून ठेवलेला होता.

शहरातून आलेल्या साहेबांनी भाषण सुरू केलं. फरूजाने शत्रूच्या गोळ्या छातीवर झेलल्या, ओठांवर देशाचं नाव घेत तिने प्राण सोडला, वगैरे. पुढे बायकांच्या रांगेत फरूजाची आई जेजिगा बसली होती. ती पाटीवरच्या कापडाकडे एकटक बघत होती.

"खोटं आहे!" वर्दिया उभी राहिली.

साहेब थांबले. कुणीतरी म्हणालं, "बाई, खाली बसा."

"बसायला नाही आले. गोळी तिच्या पोटात लागली होती. एका जखमी पोराला ओढून आणताना. मी तिला पाठीवर घेऊन बर्फातून इथे आणलं, या गावात. वाटभर ती एकच सांगत होती, दादा घरात आहे, दादा दार उघडेल. आम्ही दार ठोठावलं. ती म्हणाली, मी आहे, फरूजा. आतून पावलं आली. दाराला लागून कुणीतरी उभं राहिलं. मला श्वास ऐकू येत होता, ऐकताय का? श्वास! आणि दार उघडलं नाही."

साहेबांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला.

"उजाडताना खालच्या ऑलिव्हच्या बागेत ती माझ्या मांडीवर गेली. तिच्या ओठांवर देश नव्हता. ती म्हणाली, दादा घाबरला असेल गं, त्याला बोलू नकोस. मी इतकी वर्षं बोलले नाही. आज तुम्ही तिच्या नावाची पाटी लावताय, आणि कापड ओढणार हाच दादा!"

ती बलाईदसमोर जाऊन उभी राहिली. "सांगा यांना. कोण होतं दाराआड?"

म्हातारा मोहंद काठी टेकत उठला. "अगं पोरी, तो कसा..."

"दा मोहंद, खाली बसा," बलाईद म्हणाला. त्याचा आवाज एवढा कडक होता की म्हातारा खरंच बसला. मग बलाईद वर्दियाकडे वळला. "मी होतो. फ्रेंच सैनिक शेजारच्याच घरात उतरले होते. माझी तीन पोरं आत झोपली होती. मी नाही उघडलं."

वर्दियाने त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्या गावासमोर, साहेबांसमोर. टोपी खाली पडली. त्याने ती उचलली नाही, गालाला हातही लावला नाही.

"थू तुमच्यावर," ती म्हणाली. तिला वाटलं होतं, हे केल्यावर छाती हलकी होईल. नाही झाली. गावातला एकही माणूस बलाईदला शिव्या देईना, याचाही तिला संताप आला. सगळे माना खाली घालून बसले होते. कसलं गाव हे!

तेवढ्यात जेजिगा उठली. बलाईद घाईने पुढे झाला, "यम्मा, घरी चल, ऊन झालंय." तिने त्याला बाजूला सारलं. वर्दियाने वाट दिली. आईनेच आता मुलाला जाब विचारावा, हे बरोबरच होतं.

पण म्हातारी मुलासमोर थांबली नाही. ती वर्दियाजवळ आली आणि तिने आपला गाल पुढे केला.

"बलाईद त्या हिवाळ्यात तुरुंगात होता, पोरी," ती म्हणाली. "दाराचा अडसर मी धरून ठेवला होता."