आता चालेल

“अहो, दुरियान निवडताय की सून? नुसतं अंगापिंडावर जाऊ नका.” गेक चू मावशीनं गिऱ्हाइकाच्या हातातलं भलंमोठं फळ काढून घेतलं, देठ हुंगला आणि ते बाजूला सारलं. दुसरं एक बेताचं फळ उचलून त्याच्या कानाशी हलवलं. “आठळी हलतेय ना आत? म्हणजे गरे सुटलेत. पहाटेच पडलाय झाडावरून. न्या.”

तो माणूस शहरातून, जॉर्ज टाऊनहून आला होता. त्याला काही ऐकू आलं नसावं, पण त्यानं मान डोलावली.

त्याच्यामागे पेई शान उभी होती. बसथांब्यापासून बाजारापर्यंत चालली तेवढ्यानंच तिचे पाय भरून आले होते. अंगात तोच सैल झगा होता. दुसरं काही अजून कमरेला बसत नव्हतं.

“आलीस? ये. पण वास लांबूनच घे हां,” मावशी म्हणाली आणि न विचारताच तिनं मँगोस्टीनच्या टोपलीत हात घातला. हंगाम सुरू झाल्यापासून हे असंच चाललं होतं. सगळ्या बालिक पुलाऊ गावाला दुरियान, आणि पेई शानला मँगोस्टीन. थंड असतात.

“मावशी, आज दुरियान द्या. एकच. तुम्हीच निवडून.”

“कुणाला?”

“मला.”

“तुला! सासू झोपलीय वाटतं घरी?” मावशीनं पिशवीला गाठ मारून ती तिच्या हातात कोंबली. “पोटुशी बाई आणि दुरियान? केवढा उष्ण! पोर जन्माला येईल ते अंगभर काटे घेऊन. मग पाजशील कशी?”

जॉर्ज टाऊनवाला हसला. “खाऊ द्या हो एखादा गरा.”

“तुम्ही गप बसा. कळा तुम्हाला द्यायच्यात का?”

पेई शानच्या हातात पिशवी लोंबत राहिली. दहा दिवसांत तिनं ते किती जणांना सांगितलं होतं. ऑफिसात फोनवर, शेजारी, खालच्या शिंपिणीला. बाळ राहिलं नाही. एवढंच. पण सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडायचा, आणि तो पडलेला चेहरा तिलाच उचलून धरावा लागायचा. ‘असू दे, मी बरी आहे,’ असं म्हणत. आज तेवढीसुद्धा ताकद नव्हती. न सांगता कुणी एक फळ दिलं असतं तर बरं झालं असतं.

“मावशी,” ती म्हणाली, “आता चालेल.”

सुरीच्या मुठीनं फळ ठोकून बघणारा मावशीचा हात थांबला. तिनं वर पाहिलं. पेई शानच्या चेहऱ्याकडेच पाहिलं, खाली नाही.

“बघा, तीच म्हणतेय चालेल,” जॉर्ज टाऊनवाला म्हणाला. त्यानं आपलं फळ काखोटीला मारायचा प्रयत्न केला, काटे टोचले, मग देठाला धरून तो निघून गेला.

मावशी निवडायला बसली. एक हुंगला, ठेवला. दुसऱ्याच्या बुडाशी बोटं फिरवली, तोही ठेवला. चौथा उचलला, स्वतःच्या कानाशी हलवला, आणि सवयीनं पेई शानच्या कानाकडे नेला. अर्ध्या वाटेत हात मागे घेतला.

“पिकलाय,” ती म्हणाली. “माझ्यावर सोड.”

तिनं स्टूल पुढे ओढलं. पेई शान बसली. सुरीचं टोक बुडाच्या शिवणीत शिरलं, कवच कडकडलं आणि पिवळे गरे उघडे पडले. मावशीनं फळ तिच्या मांडीजवळच्या खोक्यावर ठेवलं. मग वाकून तिच्या हातातली पिशवी काढून घेतली, गाठ सोडली आणि मँगोस्टीन एकेक करून टोपलीत परत ठेवले.

“हे महिनाभर तोंडात घालायचे नाहीत. थंड पाण्यात हात घालायचा नाही. केस धुवायचे नाहीत. घरी कुणी सांगितलं का तुला हे?”

पेई शाननं मान हलवली. नाही.

“आलं घालून कोंबडी कुणी करून घातली का?”

पुन्हा नाही.

मावशी उठली. माश्यांसाठी लावलेला पंखा सरळ पेई शानच्या अंगावर येत होता. तिनं त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

“बाळंतिणीनं वारा घेऊ नये,” ती म्हणाली.

पेई शाननं पहिला गरा उचलला. जूनच्या उकाड्यात दोघी घामानं निथळत बसल्या. पंखा भिंतीला वारा घालत राहिला.