तिरपे शब्द

संध्याकाळपर्यंत फाइल छपाईला जायला हवी होती आणि नूतन अजून एकाच पानाशी अडली होती. मुलांच्या गोष्टींचं पुस्तक. मांडणीसाठी तिचं नाव छापून येणार होतं ते हे पहिलंच. संपादकबाईंनी पुण्याहून पुन्हा पुन्हा बजावलं होतं, की परक्या भाषेतले शब्द तिरपे हवेत. इंग्रजी, गुजराती आणि अहिराणीसुद्धा.

इंग्रजी शब्द तिरपे होऊन देखणे दिसत होते. त्या टाइपची तिरपी अक्षरं कुणीतरी निगुतीने वेगळी काढली होती, पायाशी हलका बाक देऊन. मराठी टाइपला तसा जोडीदार नव्हता. कंप्युटर उभ्या अक्षरांनाच बाजूला ढकलत होता. नूतनने तो कल थोडा कमी केला, पुन्हा वाढवला. उठून खिडकीशी गेली. खालच्या घरातलं एम्ब्रॉयडरीचं मशीन खडखडत होतं. अख्ख्या डिंडोली वस्तीत आज तेवढाच आवाज असावा, असा तो डोक्यात जात होता. परत येऊन बसली.

शेवटी तिने लेकीला हाक मारली. गायत्री चौथीत, गुजराती शाळेत. मराठी वाचायला घरीच शिकलेली. एवढं पान वाचून दाखव, म्हणाली.

गायत्री भरभर वाचत सुटली. गोष्टीतली मुलगी शाळेतून घरी आली, तिने दाराची कडी वाजवली, आणि एक ओळ गाळून गायत्री थेट पुढच्या परिच्छेदात शिरली.

"मधलं का सोडलंस गं?"

"ते वाकडंय ना. वाकडे शब्द बाहेरचे असतात. तूच तर सांगितलंस."

नूतनने ती ओळ पडद्यावर मोठी केली. मग तेही वाच, म्हणाली.

गायत्रीने पडद्यावर बोट टेकवलं. इंग्रजीचा नवा धडा वाचावा तशी एकेक अक्षर चाचपत निघाली.

"मा-य व, दा-र उ-घा-ड. मा-ले भू-क ला-ग-नी."

रोज शाळा सुटली की जिन्यातूनच आजीला ती घरच्या अहिराणीत हेच ओरडायची. आत्ता तिच्या लक्षातही आलं नाही.

आत भाकरीची थापथाप थांबली. तिची आजी, मंगलाबाई, पिठाचे हात पदराला पुसत लगबगीने बाहेर आल्या. दोघींकडे न बघताच दाराशी गेल्या, कडी काढली. जिना रिकामा होता. त्या दार धरून तशाच उभ्या राहिल्या.

"कोना घरनी पोर व्हती व, नूतन? भुकेली व्हती."