तोंडाला टाके

"गाळा वर्षभर बंद आहे साहेब. कुलूपसुद्धा गंजलंय," मालकाने शपथेवर सांगितलं.

शिलाईवाली समोर एकटीच उभी होती. वर्षभर बंद असलेला गाळा मालकाला परत मिळतो, असा कायदा. म्हणजे तिने उद्यापासून मशीन डोक्यावर घेऊन फिरायचं. विजेचं बिल दाखवावं, तर वीज मालकानेच तोडलेली. ती पाय मारून शिवत होती. गिऱ्हाइकं आणावीत, तर अख्खी गल्ली त्याचीच भाडेकरू. साक्ष म्हटलं की सगळ्यांना एकदम ताप भरायचा.

"बाई, तुमचा वकील?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही साहेब. भाडेकरू समिती आहे."

समिती म्हणजे एक निवृत्त कंडक्टर आणि दोन बाकं. महिनाभर रोज संध्याकाळी तिच्या सरावासाठी तो न्यायाधीश व्हायचा. तिने पाल्हाळ लावलं की सवयीने "पुढे चला, पुढे चला" ओरडायचा. शिकवण एवढीच: "ताई, एकच प्रश्न विचारायचा. मग तोंडाला टाके. काय उसवायचं ते समोरच्याचं उसवू दे."

"अजूनही गाळा सोडल्याच्या कागदावर सही करा," मालकाचे वकील गालात हसले. "महिन्याची मुदत देतो."

"मुदत नको. गाळा हवाय."

ती पुढे झाली. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक कपड्याला आतून चिंधी टाचायची, चिंधीवर तारीख घालायची, ही तिची जुनी सवय. नाहीतर कोणाचा पायजमा कोणाच्या घरी जाईल, नेम नाही.

"मालक, तुमच्या पँटच्या कमरेला आतून चिंधी आहे. तिच्यावरची तारीख वाचता का?"

आणि तिने तोंडाला टाके घातले.

मालकाने खाली बघितलं. वकिलांनीही तिकडेच बघितलं. न्यायाधीशांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. भर कोर्टात पट्टा सैल झाला, कंबर उलटली.

"गेल्या गुरुवारची," मालक पुटपुटला. मग एकदम उसळला, "मी हिच्या दुकानात पाऊल ठेवलेलं नाही! माझी पँट हिच्याकडे गेलीच कशी?"



मागच्या बाकावरून मालकीणबाई उठल्या.

"मी नेऊन दिली. कोर्टात हीच घालायची म्हणालात, आणि बटण काही लागेना. तिचं दुकान बंद असतं, तर आज टॉवेल गुंडाळून शपथ घेतली असतीत!"